ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त सुऱ्या: पाचशेच्या आत चांगलं पातं मिळतं का?

डबा_कोथरूड

गेली चार वर्षं मी घरून डबे देते. रोजचे बावीस-पंचवीस. सकाळी सहाच्या आत तीन किलो भाजी आणि दीड किलो कांदा चिरून व्हावा लागतो. हात बसलेला विळीवर, आईचीच विळी आहे. पण मागच्या वर्षी गुडघ्याचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली, आणि तेव्हापासून ओट्याशी उभी राहून सुरीनेच चिरते.

दिवाळीआधी एका ऑनलाइन दुकानातून सहा सुऱ्यांचा संच मागवला. छापील किंमत १९९९, सूट जाऊन ४९९. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, खोक्यावर 'दमास्कस' आणि 'जपानी पोलाद' असं ठळक अक्षरांत. पहिला आठवडा छान गेला, टोमॅटोच्या चकत्या अलगद पडायच्या. दहाव्या दिवसापासून कांद्याची साल नुसती दबायला लागली, कापली जाईना. लाटांची नक्षी घासणीने पुसट होत गेली.

आणि परवा लाल भोपळा. पातं निम्मं रुतलं आणि अडकलं. मी डाव्या तळव्याने पात्याच्या पाठीवर भार दिला, तर मुठीपाशी कट्‌ आवाज झाला. पातं भोपळ्यात राहिलं आणि मूठ माझ्या हातात आली. आत पाहिलं तर पात्याची शेपटी जेमतेम दीड इंच, तीही पेन्सिलीएवढी बारीक. बाहेरून दिसणारे तीन रिव्हेट म्हणजे वरून चिकटवलेल्या नुसत्या टिकल्या होत्या. बोटं थोडक्यात वाचली. परत करायची सात दिवसांची मुदत केव्हाच संपली होती.

एकेक सुरी हजार-दीड हजाराची घेणं मला परवडत नाही. दुकानं पालथी घालायला वेळ नाही, जिने चढवत नाहीत. म्हणजे मागवायची ती घरबसल्याच. पाचशेच्या आत रोज तीन किलो भाजी चिरेल अशी सुरी मिळते का? मिळत असेल तर फोटो आणि वर्णनावरून ती ओळखायची कशी? ज्यांनी खरोखर वापरल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पाटवरवंटा

अगदी हाच संच माझ्याकडेही आहे. त्यातली पावाची दातेरी सुरी तेवढी अजून चालते. बाकीच्या पाच माळ्यावर.

टूलरूम_भोसरी

ताई, हात वाचला हे फार बरं झालं. मी अठ्ठावीस वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात हत्यारं-साचे बनवतात त्या विभागात काढली. रोज पोलाद कापायचं आणि पोलादानेच कापायचं, त्यामुळे थोडं लांबण लावून लिहितो.

आधी त्या नक्षीविषयी. खऱ्या थरांच्या पात्यात दोन जातींचं पोलाद एकावर एक ठेवून ठोकलेलं असतं. नक्षी आरपार असते. पॉलिश पेपरने घासली तर दिसेनाशी होते, पण आम्लात बुडवली की पुन्हा उमटते. तुमच्या पात्यावरची लेझरने वरवर कोरलेली होती, म्हणून घासणीने गेली. 'दमास्कस' या शब्दाशी असा खेळ झालेला पाहिला की मला वाईट वाटतं. ज्या तलवारींमुळे सीरियातल्या दमास्कस शहराचं नाव झालं त्यांचं पोलाद आपल्या दक्षिणेतून जायचं. कन्नडमध्ये त्याला उक्कू म्हणतात. तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांतून इराणी व्यापारी ते विकत नेत.

आता स्वस्त सुरी कशी ओळखायची ते. वर्णनात पोलादाचा नेमका प्रकार दिलाय का, एवढं एकच आधी बघा. नुसतं 'हाय कार्बन स्टेनलेस' लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. ५सीआर१५एमओव्ही किंवा जर्मन एक्स५०सीआरएमओव्ही१५ असं लिहिलेलं असेल तर सरळ समजायचं: कार्बन साधारण अर्धा टक्का, क्रोमियम पंधरा टक्के. कार्बनमुळे धार टिकते, क्रोमियममुळे गंज येत नाही. स्वयंपाकघरासाठी हे मधलं आणि प्रामाणिक पोलाद आहे. ३सीआर१३ मध्ये कार्बन जेमतेम ०.३ टक्के, त्यामुळे सुरी चालते पण धार लवकर जाते. आणि चमचे-पातेली ज्या १८/८ स्टेनलेसची होतात त्याची सुरी घेऊच नका. ते पोलाद कितीही तापवून विझवलं तरी कडक होत नाही. घरच्या घरी पारख करायची तर फ्रिजवरचं लोहचुंबक पात्याला लावून बघा. सुरीचं पोलाद चुंबकाला घट्ट धरतं. चिकटलं म्हणजे सुरी उत्तमच असं नाही, पण चिकटलंच नाही तर ती नक्की परत पाठवा.

कडकपणाचा आकडा दिला असेल तर तोही पाहा. एचआरसी ५४ ते ५७ घरच्या कामाला योग्य. जपानी सुऱ्या ६० च्या वर असतात. त्यांची धार खूप टिकते, पण भोपळ्यात पिळलं की कड टवका उडून जाते. तुमच्या कामाला ती जात नको.

मुठीचं तर तुम्ही पाहिलंच. पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं असावं आणि पाठीकडून बघितलं की दोन फळ्यांच्या मधून दिसावं. तसा बाजूचा फोटो नसेल तर विक्रेत्याला प्रश्न टाकून मागा. अपवाद एकच. खाणावळवाले वापरतात त्या जाड प्लॅस्टिकच्या, एकसंध ओतलेल्या मुठीच्या सुऱ्या. त्यात पोलाद दिसत नाही, पण चांगल्या कारखान्याची असेल तर ती मूठ वर्षानुवर्षं हलत नाही. ओल्या हातातून निसटतही नाही.

शेवटचं म्हणजे संच घेऊ नका. ४९९ मध्ये सहा सुऱ्या आणि लाकडी ठोकळा म्हटल्यावर एका पात्याच्या वाट्याला किती पैसे आले ते बघा. त्याच पैशात एकच घ्या.

डबा_कोथरूड

काका, इतकं समजावून कुणी सांगितलं नव्हतं. चुंबक लावून पाहिलं. संचातल्या मोठ्या दोन सुऱ्यांना चिकटतं. सोलायच्या छोट्या सुरीला लावलं तर सुटून खाली पडलं.

तुळशीबागेतली

मला हे ऑनलाइन प्रकरण पटतच नाही. सुरी ही हातात धरून, तोलून घ्यायची वस्तू आहे. बोहरी आळीत जा, दीडशे रुपयांत चांगली सुरी मिळते, आणि दुकानदार समोर कागद कापून दाखवतो.

डबा_कोथरूड

ताई, तुमचं म्हणणं खरं आहे. पण सकाळी चारला उठून दुपारी दोनपर्यंत ओट्याशी उभी असते. नंतर बोहरी आळीच्या गर्दीत हे गुडघे घेऊन जाणं होत नाही. माझ्यासारख्या पुष्कळ जणी असतील.

आडाळो_मालवण

सुऱ्यांचं बोलणं चाललंय त्यात आमच्या आडाळ्याचंही थोडं ऐका. आमच्याकडे विळीला आडाळो म्हणतात, पलीकडे गोव्यात आदोळी. त्याचं पातं अजून लोहाराकडचं साधं काळं लोखंडी असतं. मुंबईला सुनेकडे गेले तेव्हा तिच्यासाठी मीही पार्सलने एक कार्बन पोलादाची सुरी मागवली होती, ३४० रुपयांची. धार अशी की सुरमईच्या तुकडीचा काठ काचेसारखा गुळगुळीत येतो.

पण तिची निगा वेगळी. लिंबू, कैरी, कोकम कापलं आणि तसंच ओट्यावर ठेवलं की दहा मिनिटांत काळे डाग पडतात. घाबरू नका, तो काळेपणा म्हणजे गंज नव्हे. हळूहळू सगळं पातं करडं-निळं होतं आणि मग डाग पडायचे थांबतात. तांबूस दिसलं तर तो गंज. राख नि चिंचेचा कोळ लावून घासायचं, कोरडं करायचं आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. पावसाळ्यात तर रोज. आणि केळफूल किंवा कच्ची केळी या पात्यावर चिरू नका, भाजी काळी पडते. त्याला स्टेनलेसच बरी.

डबेवाल्या ताईंच्या घाईत हे सगळं जमेल असं मला वाटत नाही. पण मासे करणाऱ्यांनी एक तरी काळ्या पात्याची ठेवावी.

कलमकाडी_दापोली

स्वयंपाकघराबाहेरचा अनुभव लिहितो, धाग्याच्या विषयात बसेल असं वाटतं. आमची आंबा-काजूची रोपवाटिका आहे. इकडे कोकण कृषी विद्यापीठामुळे कोयकलमं, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर बांधलेली कलमं, घराघरात पोहोचली. पावसाळा सुरू झाला की दिवसाला शेकड्यांनी कलमं बांधायची असतात. रोप पंधरा दिवसांचं, दांडा अजून तांबूस आणि कोवळा. तो मधोमध चिरायचा, कलमकाडीला (चांगल्या झाडाची, कलम करायची काडी) दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखं टोक करायचं आणि त्या चिरेत बसवायचं. तासणी एका ओढीत झाली पाहिजे. दोनदा पातं फिरलं की पृष्ठभाग उंचसखल होतो, मध्ये फट राहते आणि कलम सुकतं.

बहुतेक कामगार दाढीचं ब्लेड अर्धं मोडून वापरतात. धार उत्तम, पण मूठ नाही. चिकाने बोटं सरकतात आणि दिवसाअखेर कापलेली असतात. म्हणून मी ऑनलाइन कलमचाकू मागवले, १८० पासून ४५० पर्यंतचे पाच वेगवेगळे. त्यातून कळलेली गोष्ट सांगतो. कलमचाकूला धार एकाच बाजूने तासलेली असावी आणि दुसरी बाजू पूर्ण सपाट. दोन्ही बाजूंनी तासलेला असेल तर तो काडीत तिरका घुसतो. स्वस्तातल्या तीन चाकूंना दोन्हीकडून तास होता, म्हणजे खिशातल्या साध्या चाकूलाच 'ग्राफ्टिंग' नाव दिलेलं. आमच्याकडे एक डावखुरी ताई आहे. तिला उजव्या हाताचा चाकू चालत नाही, तास उलट्या बाजूला येतो. डावखुऱ्यांसाठी वेगळा चाकू मिळतो. वर्णन नीट वाचून मागवा.

१८० वाल्यातला एक मात्र खरोखर चांगला निघाला. आल्यावर धार यथातथा होती. दगडावर अर्धा तास घासला, आता तिसरा हंगाम चालू आहे.

टूलरूम_भोसरी

दापोलीकरांनी मर्म सांगितलं. कारखान्याहून आलेली धार ही घाईची धार असते. स्वस्त सुरीत पोलाद बरं असतं, पण शेवटची घासणी करायला वेळ दिलेला नसतो. ती आपण करायची.

फड_शिरोळ

आमच्याकडे ऊसतोडीचा कोयता. दोन वर्षांपूर्वी भावाने हौसेने ऑनलाइन कोयते मागवले, चार नगांचे नऊशे. दिसायला चकचकीत, रंग दिलेले. पहिल्याच दिवशी दोघांची धार उसाच्या कांड्यावर वळली, कागदाची कड दुमडते तशी. पात्याला पाणीच दिलेलं नव्हतं, म्हणजे तापवून पाण्यात विझवून कडक केलेलंच नव्हतं.

आमचे लोहारमामा ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा कोयता करतात. मी लहानपणापासून त्यांच्या भात्याशी बसलोय. पातं लालबुंद झालं की धारेकडची बाजू पाण्यात बुडवतात. चर्र आवाज येतो. लगेच बाहेर काढून विटेच्या तुकड्याने एक पट्टा घासून पांढरा करतात आणि टक लावून बघत बसतात. पाठीकडची ऊब धारेकडे यायला लागते, तसा त्या पांढऱ्या पट्ट्यावर रंग सरकत येतो. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा-निळा. तपकिरी रंग धारेला टेकला की पुन्हा पाण्यात. त्या क्षणी मामांशी कुणी बोललेलं त्यांना चालत नाही. पिवळ्यावर थांबलं तर धार टवके देते, निळ्यावर गेलं तर वळते.

त्यांना एका कोयत्याचे साडेतीनशे दिले की पाच हंगाम बघावं लागत नाही. सुरीसाठी ऑनलाइन ठीक असेल. कोयता, खुरपं, कुऱ्हाड मात्र गावातल्या लोहाराकडूनच घ्या. त्यांचं कामही चालू राहायला पाहिजे.

लेस्टरकर

इथे इंग्लंडमध्ये सुरी पोस्टाने मागवणं म्हणजे वेगळाच सोपस्कार. अठरा वर्षं पूर्ण असल्याचा पुरावा ऑर्डर करतानाही आणि दारात पार्सल घेतानाही दाखवावा लागतो, २०१९ च्या कायद्यानंतर. दारात कुणी मोठं माणूस नसेल तर पार्सल परत जातं.

स्वस्तात इथे दोन पाती मी वर्षानुवर्षं वापरतोय. एक स्वीडनच्या मोरा गावची, प्लॅस्टिकच्या मुठीची. बागेत, सुतारकामात, कुठेही चालते. दुसरी फ्रान्सची ओपिनेल, घडीची. साव्हुआ भागात १८९० पासून बनते, बीच लाकडाची मूठ आणि बिजागरीशी फिरणारं कडं. ते कडं १९५५ साली आलं. फिरवलं की पातं उघडं अडकून राहतं आणि बोटांवर मिटत नाही. सफरचंद, चीज, पाव यांसाठी तिच्यासारखी सुरी नाही. मूठ पाण्यात भिजली तर फुगते आणि पातं उघडत नाही, एवढं सांभाळायचं. इथल्या भावांना एक सूचना. पातं अडकवणारी घडीची सुरी सबळ कारणाशिवाय खिशात घेऊन फिरणं इथे गुन्हा आहे. सहलीला नेताना जेवणाच्या पिशवीत, तळाशी ठेवा.

पाटवरवंटा

यावरून आठवलं. भारतात मोठी सुरी मागवली तर काही अडचण येते का? मला कलिंगड कापायला बारा इंची हवी आहे.

काळाकोट_सातारा

वकिली करतो म्हणून लिहितो. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम पाहिले तर ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्रात मोडतात. पण घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. म्हणजे कलिंगडाची सुरी, कोयता, विळी यांना परवाना लागत नाही. मात्र तलवार, जंबिया, गुप्ती 'शोभेची' म्हणून कुरियरने मागवू नका. अशी पार्सलं महाराष्ट्रात पोलिसांनी जप्त केली आहेत. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असेल तेव्हा धारदार वस्तू बाळगून रस्त्यावर फिरता येत नाही. खोक्यात, पावतीसह घरी न्या आणि घरीच वापरा.

दुसरं म्हणजे, ऑनलाइन विक्रीत उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव आणि उत्पादनाचा देश ही माहिती दाखवणं बंधनकारक आहे. ती नसेल तर घेऊ नका. पार्सल उघडतानाचं चित्रीकरण ठेवा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. डबेवाल्या ताई, परतीची मुदत गेली तरी खोटे रिव्हेट हा सदोष मालाचाच प्रकार आहे. तक्रार जरूर करा.

डबा_कोथरूड

केली. टूलरूम काका, धार लावायचंही एकदा सविस्तर सांगा ना. सायकलवर चाक फिरवत येणारे धारवाले आमच्या गल्लीत यायचे बंद झालेत. दीडशे रुपयांचं ओढायचं यंत्र आहे, ते नीट चालत नाही.

टूलरूम_भोसरी

ते ओढायचं यंत्र पातं खरवडतं, धार लावत नाही. हजार नंबरचा पाण्याचा दगड घ्या. एका बाजूला ४००, दुसऱ्या बाजूला १००० असा जोड दगड चारशेच्या आसपास येतो. सुरीइतकेच पैसे दगडावर घाला. हा खर्च एकदाच आहे.

दगड दहा मिनिटं पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबले की काढा. खाली ओलं फडकं घाला म्हणजे सरकणार नाही. कोन साधारण पंधरा अंशांचा. दोन सेंटिमीटर रुंदीच्या छोट्या सुरीची पाठ दगडापासून पाच मिलिमीटर उचलायची, म्हणजे तीन नाणी एकावर एक. सुरुवातीला खरोखर नाणी ठेवून अंदाज घ्या, मग काढून टाका. रुंद पात्याची पाठ त्या प्रमाणात जास्त उचलायची.

एका बाजूने घासत राहा. किती वेळा ते मोजू नका. दुसऱ्या बाजूला अंगठ्याने पाठीकडून धारेकडे अलगद हात फिरवा. धारेच्या लांबीवरून कधीच नाही. काठ किंचित खरखरीत लागेल, जणू एक केस आडवा चिकटलाय. मुठीपासून टोकापर्यंत ती खरखर लागली की बाजू बदला. बहुतेकांची धार लागत नाही ती इथेच, खरखर येण्याआधी थांबल्यामुळे. दोन्ही बाजू झाल्या की अगदी हलक्या हाताने आलटून पालटून आठ-दहा वेळा. मग जुन्या कातडी पट्ट्यावर उलट्या दिशेने ओढा, पूर्वी न्हावी वस्तरा ओढायचे तसं.

रोजच्यासाठी दगड काढायचीही गरज नाही. चिनी मातीच्या बरणीचं किंवा कपाचं बूड उलटं करा. त्याची कड बिनचकाकीची, खरबरीत असते. त्यावर पाच-सहा हलके हात. आणि ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा काचेच्या पाटावर कधीही चिरू नका, एका भाजीत धार जाते. लाकडी पाट घ्या. मटणवाले चिंचेचाच ओंडका का ठेवतात, तर तो चिवट असतो आणि सुऱ्याची धार सांभाळतो.

आडाळो_मालवण

बरणीच्या बुडाचं अगदी खरं. माझी सासू लोणच्याच्या बरणीवरच लावायची.

डबा_कोथरूड

सव्वा महिन्याने लिहिते आहे. उशीर झाला, मधे लग्नसराईच्या ऑर्डरी होत्या.

शेवटी दोन सुऱ्या मागवल्या. चार इंची, टोकदार, प्लॅस्टिकच्या मुठीची २९० ला. सात इंची, मुठीच्या टोकापर्यंत पोलाद गेलेली ४६० ला. दोन्हींच्या वर्णनात पोलादाचा प्रकार आणि आयातदाराचं नाव होतं. दुसऱ्या एका विक्रेत्याला मुठीचा बाजूचा फोटो मागितला, त्याने दिला नाही, म्हणून तिथून घेतली नाही. दगड ३९०. चुंबक दोन्हींना घट्ट चिकटलं.

आल्या तेव्हा सात इंचीची धार बेताचीच होती. पहिल्या रविवारी दगडावर दीड तास गेला आणि काहीच झालं नाही. दुसऱ्या रविवारी ती केसासारखी खरखर अंगठ्याला लागली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आता कांद्याची साल सुरीच्या वजनानेच कापली जाते. दीड किलो कांद्याला पूर्वी पस्तीस मिनिटं लागायची, आता बावीस. डोळ्यांना पाणीही कमी येतं.

भोपळा आता आधी खालून सपाट काप देऊन पक्का बसवते, मग टोक रुतवून थोडं थोडं खाली आणते. तळव्याने भार देत नाही.

हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर विक्रेत्याने संचाचे पूर्ण पैसे परत केले. वकीलसाहेब, मनापासून आभार.

टूलरूम_भोसरी

वाचून फार आनंद झाला. एक विचारायचं राहिलं होतं. ते मोडलेलं पातं कचऱ्यात तसंच टाकलं नाही ना? कचरा हाताने वेगळा करणाऱ्यांना लागतं.

डबा_कोथरूड

नाही काका. जाड पुठ्ठ्यात गुंडाळलं, वर चिकटपट्टी मारली आणि मोठ्या अक्षरात 'आत पातं आहे' असं लिहिलं. आमच्याकडे 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या मावशी येतात, त्यांच्या हातात सांगून दिलं. त्यांनी भंगारात वेगळं ठेवलं.

पाटवरवंटा

ताई, दोन्ही सुऱ्यांचा आणि दगडाचा दुवा द्याल का?

डबा_कोथरूड

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.